पहिली ओळख कोणत्या वाटेनं?

सांगलीला भाचीच्या घरी रोज सकाळी नऊच्या सुमारास आंघोळ घालणाऱ्या मावशी यायच्या. पाटावर पाय लांब करून बसायच्या आणि पाच महिन्यांच्या बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या. शेजारी पितळी वाटीत डाळीचं पीठ, चिमूटभर हळद आणि वर दुधाची साय. बाळाच्या गालांवर आणि हातापायांवर लाल, खरखरीत चट्टे उठले होते. काही ठिकाणी खाजवून खाजवून त्यांतून लस येत होती. मावशींचा हात मायेचा होता, पण पीठ सगळ्यात जास्त चोळलं जायचं ते नेमकं त्या चट्ट्यांवर. चोळलं की खरबरीतपणा निघेल, अशी सगळ्यांची समजूत.

स्वयंपाकघरात मात्र वेगळाच कायदा होता. घरात दम्याचा इतिहास होता. म्हणून वर्षभर बाळाच्या तोंडात डाळ, दाण्याचं कूट, गायीचं दूध, अंडं यातलं काही जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. भाचीनंही बाळंतपणापासून शेंगदाणे सोडले होते, दुधातून उतरतील या धास्तीनं.

म्हणजे तीच डाळ आणि तेच दूध तोंडाला बंद आणि सोललेल्या कातडीला रोज. तान्ह्या मुलांच्या ॲलर्जीबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत जे समजलं आहे, त्याच्या हे बरोबर उलटं आहे. घरातल्या कुणाचीच त्यात चूक नव्हती. एके काळी नामांकित डॉक्टरही पदार्थ टाळण्याचा हाच सल्ला देत असत.

आपल्याकडे ‘वावडं’ हा जुना शब्द आहे. अमक्याला वांग्याचं वावडं, तमक्याला मासळीचं. त्यात न सोसणं, न आवडणं, पथ्य, सगळंच येतं. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्या मानानं तरुण आहे. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो 1906 मध्ये घडवला. घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम दुसऱ्यांदा टोचलं की काही मुलांना पहिल्या खेपेपेक्षा लवकर आणि जोरात त्रास होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. या निरीक्षणातच ॲलर्जीचं मर्म आहे. पहिल्या भेटीत बाहेर काहीच दिसत नाही, पण शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेतं आणि मित्र की शत्रू हे ठरवून टाकतं. शत्रू ठरला तर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या भेटीची वाट पाहत बसतात. मग एक दिवस अंड्याचा घास जातो, ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, उलटी होते, क्वचित श्वास अडतो. आईला वाटतं, आज पहिल्यांदाच तर दिलं होतं! पण खरी पहिली भेट आधीच कुठेतरी होऊन गेलेली असते. ती कुठे आणि कोणत्या वाटेनं झाली, हा आता या विषयातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

आनुवंशिकतेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आपल्या हातात काही नाही. आईवडील दोघांनाही दमा, इसब किंवा नाकाची ॲलर्जी असेल, तर मुलाला यातलं काहीतरी होण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. एकाला असेल तर ती साधारण चारात एक ते तिनात एक असते. कुणालाच नसेल तरीही शून्य नसते, दहातल्या एखाद्या मुलाला होतंच. पण घराण्याकडून अमुक पदार्थाची ॲलर्जी येत नाही, फक्त कल येतो. बापाला कोळंबीची असेल म्हणून लेकीलाही कोळंबीचीच होईल, असं काही नाही. शिवाय माणसाची जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. पाश्चात्त्य देशांत मुलांच्या ॲलर्जी मात्र दोन-तीन पिढ्यांत कितीतरी पटींनी वाढल्या. म्हणजे कारण घरात, ताटात, हवेत आणि अंगावर शोधायला हवं.

अंगापासूनच सुरुवात करू.

पूर्वी समज असा होता की पोटात ॲलर्जी होते आणि मग ती इसबाच्या रूपानं कातडीवर उमटते. म्हणून इसब दिसलं की आधी आईचं आणि मग बाळाचं खाणं तोडायचं. आता चित्र बरंचसं उलटं झालं आहे. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं की इसब असलेल्या अनेकांच्या ‘फिलॅग्रिन’च्या जनुकात दोष असतो. फिलॅग्रिन म्हणजे कातडीच्या वरच्या थराला घट्ट विणून ठेवणारं आणि तिच्यात ओल धरून ठेवणारं प्रथिन. ते कमी पडलं की कातडी कोरडी पडते, तिला बारीक भेगा जातात आणि धूळ, पीठ, अन्नाचे कण आत शिरू लागतात. तुटलेल्या कातडीतली प्रतिकारयंत्रणा आधीच जखमेच्या धामधुमीत असते. तिथून आत येणाऱ्याला ती पाहुणा समजत नाही, चोर समजते.

लंडनच्या गिडिऑन लॅक यांनी 2003 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 14 हजार मुलांची नोंद तपासली. शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांमध्ये दोन गोष्टी ठळक दिसल्या: तान्हेपणी झालेलं इसब, आणि कातडीला लावलेली शेंगदाणा तेल असलेली मलमं. आईनं गरोदरपणी शेंगदाणे खाल्ले की नाही, याचा मात्र काही संबंध सापडला नाही. हे निष्कर्ष आपल्या घराघरांत पोचायला हवेत असं मला फार वाटतं, कारण बाळंतिणीचं ताट रिकामं करण्याची आपली हौस मोठी आहे. दाणे नको, हरभरा नको, अंडं नको, दही नको. आईनं पदार्थ टाळले म्हणून बाळाची ॲलर्जी टळते, याला आधार नाही. पाजणाऱ्या बाईची ताकद मात्र नक्की कमी होते. बाळाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्याचं ठरलंच असेल आणि आईच्या दुधातून खरोखर त्रास होत असेल, तर गोष्ट निराळी. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

कातडीच्या वाटेचा सगळ्यात बोलका पुरावा मोठ्या माणसांत मिळाला, आणि तोही जपानमध्ये. तिथे चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे घातले होते. साबण लोकप्रिय होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना हळूहळू गव्हाची ॲलर्जी झाली. जन्मभर पोळी-पाव, नूडल्स बिनघोर खाल्लेल्या बायकांना गव्हाचा घास गेला की पापण्या सुजायच्या. कित्येकींना धाप लागायची. तोंडावाटे वर्षानुवर्षं मित्र असलेला गहू चेहऱ्यावाटे वैरी झाला. 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती सांगलीची पितळी वाटी.

डाळीच्या पिठानं प्रत्येक बाळाला ॲलर्जी होते, असं मी म्हणत नाही. धडधाकट कातडीची लाखो मुलं त्यातच न्हाऊन मोठी झाली. पण ज्या बाळाला इसब आहे, त्याच्या चट्ट्यांवर बेसन, साय, मसुराचं किंवा गव्हाचं पीठ, बदाम उगाळून लावणं आता सोडून द्यावं. मोहरीच्या तेलाचा रगडाही नाजूक कातडीला मानवत नाही. खोबरेल त्या मानानं सौम्य. मेलबर्नमध्ये पाच हजारांहून जास्त वर्षभराच्या मुलांची पाहणी झाली. तिच्यात दर पाच इसबग्रस्त बाळांमागे एकाला कोणत्या तरी अन्नाची ॲलर्जी होती आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका इसब नसलेल्या बाळांपेक्षा सुमारे अकरा पट होता. जितकं लवकर सुरू झालेलं आणि जितकं तीव्र इसब, तितका धोका जास्त. म्हणून इसबाला ‘दात येताना होतंच’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम सांगितल्याप्रमाणे लावून कातडी शांत करणं हाच तिथला खरा उपाय आहे. स्टेरॉइड शब्दाला भिऊन अर्ध्यातच थांबणारे आईबाप खूप दिसतात.

मग सगळ्याच बाळांना जन्मापासून क्रीम चोपडलं तर? हा विचार शास्त्रज्ञांनाही सुचला. ब्रिटनमध्ये 1394 बाळांवर प्रयोग झाला, त्याचे निकाल 2020 मध्ये आले. वर्षभर रोज क्रीम लावलेल्या मुलांत दोन वर्षांच्या वयाला इसबाचं प्रमाण 23 टक्के, न लावलेल्यांत 25 टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. इतर निरीक्षणांत तर वारंवार क्रीम चोळलेल्या बाळांत अन्नाची ॲलर्जी थोडी जास्तच दिसली. लावणाऱ्या हाताला लागलेलं अन्न क्रीमबरोबर आत जात असावं, अशी एक शंका आहे. बाळाला तेल किंवा क्रीम लावण्याआधी हात धुवावेत, इतकी साधी गोष्ट यातून निघते.

आता तोंडाची वाट. इथली कहाणी वैद्यकातल्या एका मोठ्या माघारीची आहे.

2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला दिला की धोका असलेल्या मुलांना गायीचं दूध एक वर्षापर्यंत, अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. आपल्याकडच्या पुस्तकांतून आणि दवाखान्यांतल्या तक्त्यांतूनही हे झिरपलं. पण ॲलर्जी कमी झाल्या नाहीत. 2008 मध्ये संघटनेनं तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी लॅक यांच्या गटानं एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी 1.85 टक्के, इस्राएलमधल्या ज्यू मुलांत 0.17 टक्के. वंश जवळचा, तरी दहा पटींचा फरक. ब्रिटनमध्ये आया शेंगदाणा कटाक्षानं टाळत होत्या. इस्राएलमध्ये सात-आठ महिन्यांची बाळं ‘बांबा’ नावाचा शेंगदाण्याचा विरघळणारा कुरकुरीत खाऊ चघळत होती.

तुलनेवरून सिद्ध काही होत नाही, म्हणून प्रयोग झाला. ‘लीप’ नावाच्या या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा तरी शेंगदाणा, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. 2015 मध्ये निकाल आला: टाळणाऱ्यांत 17.2 टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. ज्या टाळण्यानं मुलं वाचतील असं वाटत होतं, त्या टाळण्यानंच ती अडकत होती. दोन वर्षांनी जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना आधी कातडी काबूत आणून सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची अगदी थोडी पूड दिली. वर्षाच्या वयाला अंड्याची ॲलर्जी पूड खाल्लेल्यांत 8 टक्के, न खाल्लेल्यांत 38. फरक इतका मोठा होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. उरलेल्या बाळांना अंड्यापासून दूर ठेवणं संशोधकांना योग्य वाटेना.

आपल्याकडे उष्टावण सहाव्या महिन्याच्या आसपास होतं. मऊ भात, मुगाचं वरण, वर तुपाचा थेंब, मग नाचणीचं सत्त्व, आणि जरा बसायला लागलं की आईच्या ताटातली कूट घातलेली भाजी बोटानं चाटवणं. दक्षिण भारतातल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा खरी म्हणता येईल अशी अन्नाची ॲलर्जी फक्त 0.14 टक्के मुलांत निघाली. त्याच पद्धतीनं मोजल्यावर हाँगकाँगमध्ये ती 1.5 टक्के होती. याचं सगळं श्रेय आपल्या उष्टावणाला देण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. आपल्या मुलांच्या आसपासचे जंतू, गुरंढोरं, जंत, ऊन, सगळंच वेगळं आहे. एवढं मात्र बेधडक म्हणता येईल की घरच्या ताटातलं अन्न सहाव्या महिन्यापासून थोडं थोडं आणि विविध देण्याची आपली रीत शास्त्राच्या विरुद्ध नव्हतीच. ती मोडली ती आधुनिक भीतीनं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगायला हव्यात. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, काजू पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो आणि दर वर्षी मुलं त्यानं दगावतात. द्यायचं ते बारीक कूट, पेजेत किंवा मऊ भातात कालवून. आणि ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा आधी एखाद्या पदार्थानं गांधी उठल्या आहेत, त्याचा दाण्याचा किंवा अंड्याचा पहिला घास डॉक्टरांना विचारून द्यावा. आधी खूप उशीर आणि मग एकदम घाई, ही दोन्ही टोकं वाईट. सुरू केलेला पदार्थ पचला की तो आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावा लागतो, एकदा चाटवून महिनाभर विसरून चालत नाही. मधाचं मात्र बोटही वर्षाच्या आत नको. त्याचं कारण ॲलर्जी नाही, त्यातून होणारा बोट्युलिझम हा भयंकर आजार.

जंतूंचा मुद्दा बहुतेकांनी ‘फार स्वच्छता वाईट’ एवढ्या वाक्यात ऐकलेला असतो. त्याचं मूळ 1989 मधल्या डेव्हिड स्ट्रॅकन यांच्या एका छोट्या निबंधात आहे. मार्च 1958 मध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेल्या 17 हजारांहून जास्त मुलांची नोंद पाहताना त्यांना दिसलं की थोरली भावंडं जितकी जास्त, तितकी नाकाची ॲलर्जी कमी. पुढे जर्मनीत एरिका फॉन मूटियस यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या मुलांची तुलना केली. पूर्वेच्या धुरकट, गरीब शहरांत ॲलर्जी जास्त असेल असा सर्वांचा कयास होता. सापडलं उलट: म्युनिचमध्ये ॲलर्जी जास्त, लाइपझिग आणि हाले इथे खोकला-ब्राँकायटिस जास्त. मग गोठ्यांकडे लक्ष गेलं. आल्प्सच्या पायथ्याच्या गावांत पहिल्या वर्षी गोठ्यात वावरलेल्या बाळांत दमा आणि ॲलर्जी कमी आढळली. 2016 मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी पंथांची तुलना झाली. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, खाणं सारखं. आमिश घोडे-गायींच्या गोठ्यालगत राहतात, मुलं तिथेच रांगतात. हटराइट मोठ्या यंत्रांनी शेती करतात, गोठे वस्तीपासून लांब. शाळकरी वयात आमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के, हटराइटांत 21. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या कवचाचे अंश जवळजवळ सात पट निघाले.

यावरून हात धुणं सोडावं, कच्चं दूध पाजावं किंवा नाळेला शेण लावावं, असा अर्थ कुणी काढू नये. हगवण, क्षय आणि धनुर्वात अजून आपल्या दाराशी आहेत. अर्थ इतकाच की बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला लहानपणी निरुपद्रवी जंतूंची संगत लागते. मातीत खेळणं, भावंडांत वाढणं, घरात कुत्रं-मांजर असणं, याची भीती बाळगू नये. सर्दी-पडशाला दर वेळी अँटिबायोटिक देऊ नये, कारण तान्हेपणीची अँटिबायोटिकं आणि पुढचा दमा यांचा संबंध अनेक देशांत दिसला आहे. सिझेरियनचाही थोडा संबंध सापडतो, पण तो किरकोळ आहे. गरजेपोटी झालेल्या सिझेरियनबद्दल कुणा आईनं स्वतःला बोल लावून घेऊ नये. लसीकरणानं ॲलर्जी वाढत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

धुराबद्दल मात्र माझ्या मनात दुमत नाही. गरोदरपणी आणि नंतर घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल, तर बाळाची छाती वाजण्याचा धोका नक्की वाढतो. यात चुलीचा धूर आला, अगरबत्ती आली, न्हाल्यावर दिली जाणारी ओवा-धुपाची धुरी आली. डासांच्या कॉइलचं तर मोजमापच झालेलं आहे. 2003 च्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना सूक्ष्म कणांचा जेवढा धूर निघतो, तेवढा 75 ते 137 सिगारेटींतून निघतो. बंद खोलीत पाळण्याखाली रात्रभर ती जळत असते. मच्छरदाणी हा किती साधा आणि जुना उपाय, तो आपण विसरलो. कोकण-मुंबईच्या दमट घरांत धुळीतले किडे आणि ओल, झोपडवस्तीत झुरळं, याही गोष्टी आहेत. परागकणांचा त्रास साधारण पुढे, काही ऋतू श्वासातून गेल्यावर सुरू होतो. दीड वर्षाच्या मुलाच्या वाहत्या नाकाचा दोष गाजरगवताला देणं बहुधा चुकीचं.

परदेशी गेलेल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आशियाई वंशाच्या मुलांत दाण्यांची आणि सुक्यामेव्याची ॲलर्जी बरीच आढळते. आशियात जन्मून नंतर तिथे गेलेल्या मुलांत ती कमी असते. बर्मिंगहॅममध्ये दक्षिण आशियाई मुलांत जीवघेण्या ॲलर्जीचे झटके गोऱ्या मुलांपेक्षा जास्त दिसले. रक्त तेच, जन्माची जागा वेगळी. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ या भरवशावर तिथल्या आईबापांनी राहू नये. झटक्याची लक्षणं आणि मांडीत द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन यांची माहिती करून घ्यावी.

सांगलीला पुढे काय झालं ते सांगते. पीठ चोळणं थांबवायच्या आधी भाचीनं एका लॅबमधून रक्ताची ‘फूड पॅनल’ तपासणी करून आणली होती. चार पानांचा कागद, लाल खुणा केलेले अकरा पदार्थ: गहू, हरभरा, तूर, दूध, अंडं, अगदी तांदूळही. ती रडत होती, आता याला भरवू तरी काय? असे कागद घेऊन किती आया फिरत असतील! दक्षिण भारतात मोठ्या माणसांच्या रक्तात अन्नाविरुद्धचं आयजीई जवळपास 26 टक्क्यांत सापडलं होतं, खरी ॲलर्जी साधारण 1 टक्क्यात. रक्तात ओळख असणं म्हणजे आजार असणं नव्हे. त्या कागदावर विसंबून मुलाचं खाणं तोडलं, तर पोषण जातं आणि तोंडाच्या वाटेची मैत्री जुळायची संधीही जाते.

बालरोगतज्ज्ञांनी आधी मलम देऊन तीन आठवड्यांत कातडी निवळू दिली. मग एकेक पदार्थ दवाखान्यात, त्यांच्या नजरेसमोर. वरण सोसलं, गव्हाची पेज सोसली, दही सोसलं, कूट घातलेला भात तर त्यानं मागून खाल्ला. उकडलेल्या अंड्याच्या तिसऱ्या चमच्याला मात्र ओठाभोवती गांधी उठल्या आणि एक उलटी झाली. औषधानं तासाभरात सगळं शांत झालं. अकरांतला एक पदार्थ खरा निघाला. अंडं तेवढं वर्ष थांबवलं. सव्वा-दीड वर्षाचा झाल्यावर दवाखान्यातच त्याला घरी भाजलेल्या केकचा तुकडा दिला, कारण पिठात मिसळून खूप वेळ भाजलेलं अंडं अशा बऱ्याच मुलांना सोसतं. दोन तास आम्ही बाकावर बसून त्याच्या ओठांकडे पाहत होतो. काही उठलं नाही. परत येताना रिक्षात त्यानं भाचीच्या पदराला लागलेला केकचा चुरा शोधून शोधून खाल्ला.